खालून कापलेली बातमी

रविवारच्या अंकात माझी बातमी तिसऱ्या पानावर आली. जखमी सहकाऱ्याला पाठीवर घेऊन गोळीबारात नदी ओलांडणाऱ्या जवानाला शौर्यपदक जाहीर झालं होतं. ऐन वेळी जाहिरात आली आणि आमच्या उपसंपादकाने, ज्याला सगळे 'कात्री' म्हणतात, नेहमीप्रमाणे बातमी खालून कापली. शेवटचा परिच्छेद गेला: तळावर पोहोचल्यावर जवानाने सहकाऱ्याला खाली उतरवलं, डॉक्टरांनी त्याला ताब्यात घेतलं.

सोमवारी सकाळी जवानाच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, जरा घरी येऊन जा."

जवान खोलीच्या मधोमध उभा होता, कमरेत वाकलेला. दोन्ही हात मागे, काहीतरी सावरून धरल्यासारखे. मुलाखतीच्या दिवशी हाच माणूस माझ्यासमोर ताठ बसला होता.

"काल बातमी वाचून उठले ते असेच," ती म्हणाली. "मी म्हटलं, कौतुकाचं ओझं झालं वाटतं." ती हसली नाही. "डॉक्टर म्हणतात, पाठीला काही झालेलं नाही. उद्या पदक घ्यायला उभं राहायचंय हो!"

"तुम्ही त्याला उतरवलंच नाहीत," जवान जमिनीकडे बघत म्हणाला. "बसता येत नाही, पडता येत नाही. किती वेळ धरू?"

सदरा नुकताच बदललेला, इस्त्रीचा. तरी पाठीवर ओल पसरत होती. खोलीत नदीच्या गाळाचा वास होता.

कचेरीत कात्री म्हणाला, "पाठदुखीवर खुलासा? मग सर्दीवर अग्रलेखच लिहू की!" तरी त्याने जागा दिली. मी कापलेली तीच दोन वाक्यं लिहून दिली, खाली माझं नाव घातलं.

मंगळवारी सकाळीच फोन वाजला.

"अंक वाचला आणि सरळ झाले!" ती रडत होती.

दुपारी समारंभात जवान ताठ उभा राहिला. पदक छातीवर लागलं. टाळ्या झाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

घरी परतताना बसमध्ये अंक उघडला. जवानाने सहकाऱ्याला खाली उतरवलं, एवढंच छापलं होतं. डॉक्टरांचं वाक्य नव्हतं. लगेच खाली माझं नाव.

कात्रीला फोन लावला.

"अरे, एकच तर वाक्य गेलं. जागा नव्हती."

घराचं कुलूप उघडलं. आत गाळाचा वास होता.

बूट काढायला वाकलो.

सरळ होता येईना.