डाव्या हाताची गाठ

डंबेल घ्यायला बापलेक दोघे गेले ते एका रविवारी, सायकलवर डबलसीट. स्टेशनजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात. नागनाथचं म्हणणं साधं होतं. घ्यायचंच तर ओतीव, एकसंध घे, पाच किलोची जोडी. मोडायचं नाव नको. प्रज्ञेशला मात्र चकत्यांचं हवं होतं. लोखंडी रॉड, दोन्ही टोकांना आटे, त्यावर बिडाच्या चकत्या चढवायच्या आणि बाहेरून नट आवळायचा.

"बाबा, पाच किलोचं दोन महिन्यांत हलकं होतं. मग दहाचं घ्या, मग पंधराचं. खोलीत आपण झोपायचं का डंबेलांनी?"

खोली बमरोलीत, मागांच्या कारखान्यांना खेटून, दहा बाय बाराची. तिच्यात तीन माणसं, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. पोराचं खोटं नव्हतं. मग त्यानं रॉड घेतला, नट फिरवून आटे तपासले, मुठीचा खरखरीतपणा बघितला, एकेक चकती काउंटरवर उभी करून गरगर फिरवली आणि कान लावून ऐकली. अर्धा तास. नागनाथ कंटाळून म्हणाला, "आरं, पोरगी बघायला आलास का लोखंड?" दुकानदार गुजराती, पण तोही हसला. शेवटी दोन रॉड आले, आणि सव्वा, अडीच, पाच किलोच्या चार-चार चकत्या. सगळं चढवलं की एकेक डंबेल साडेएकोणीस किलोचं व्हायचं.

प्रज्ञेश एकोणीस वर्षांचा, बापासोबत त्याच पॉवरलूमच्या कारखान्यात लागलेला. अंगानं इतका बारीक, की सगळे त्याला काडीपैलवान म्हणायचे. ते त्याला लागायचं. सकाळी कामावर जायच्या आधी तो भिंतीकडे तोंड करून वजन उचलायचा, आणि एखाद्या मास्तरासारखे नियम सांगायचा. आधी हलकं, मग जड. दोन्ही बाजू सारख्या. पाठ वाकवायची नाही, गुडघ्यांनी उचलायचं. नागनाथ म्हणायचा, "बारा तास मागावर उभा राहतो, मला कसले रे गुडघे शिकवतो?"

एक अडचण होती. भिंतीपलीकडे दिवसरात्र माग धडधडायचे, जमीन थरथरायची, आणि ठेवल्याठेवल्या नट ढिले व्हायचे. त्यावर प्रज्ञेशनं इलाज काढला. नटाला आणि रॉडला मिळून सुताचे दोन वेढे द्यायचे आणि मागावरची गाठ मारायची, तुटलेला धागा जोडताना कारागीर एका हातानं मारतो ती. गाठ बापानंच शिकवली होती. पण पोरगा डावखुरा, त्यामुळे त्याच्या गाठीचं शेपूट डावीकडे यायचं. अख्ख्या कारखान्यात तसलं शेपूट त्याच्या एकट्याचं.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, दुपारी चारला, चहाच्या वेळी, कारखान्याच्या मागच्या बोळात रचलेला एक बीम घसरला. सूत गुंडाळलेला भरला बीम म्हणजे दोन क्विंटल. प्रज्ञेश त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला, छातीशी. नागनाथ धावला. बाकीचे चहाला गेलेले, आणि मागांच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? एक टोक वीतभर उचललं असतं तर पोरगा सरकून बाहेर आला असता. नागनाथ वाकला आणि जीव खाऊन ओढला. खांद्यात काहीतरी टरकन फाटलं. बीम बोटभरसुद्धा हलला नाही.

पोरगा बापाकडे बघत होता. "बाबा," तो म्हणाला, "गुडघ्यांनी."

माणसं आली तोवर उशीर झाला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परभणीला परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी नागनाथनं डाव्या हातानं पाच किलोच्या चारही चकत्या पिशवीत घातल्या आणि खाडीत नेऊन फेकल्या. खाडीत डाइंग मिलचं पाणी. मिलमध्ये ज्या रंगाच्या साड्या, त्या रंगाचं पाणी. त्या दिवशी जांभळं होतं. बाकीचंही तो नेणार होता, पण बायको, मीराबाई, आडवी आली. "रॉड राहू द्या. लेकराच्या हाताचा घाम हाय त्याला." मग उरलेल्या चकत्या ट्रंकेत गेल्या आणि नुसते दोन रॉड कोपऱ्यात राहिले.

खांदा काही बरा होईना. उजवा हात कानाच्या वर जाईना. पावसाळा सरता सरता दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, हाताला हळूहळू वजनाची सवय करा, दोन किलोपासून सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवा. नागनाथला रडावं की हसावं कळेना. नुसता रॉड बरोबर दोन किलोचा होता.

रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून तो रिकामा रॉड उचलायला लागला. सुरुवातीला सहा वेळा, मग दहा. तिसऱ्या सोमवारी तो वाकला, तर दोन्ही रॉडच्या टोकांना सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या होत्या. नट आवळलेले. त्याला वाटलं, मीराबाईनं चढवल्या. मुलाच्या वस्तूंबद्दल दोघं बोलत नसत, म्हणून त्यानं विचारलं नाही. उचलल्या, आणि कामावर गेला.

तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारी, अडीचच्या होत्या. या वेळी नटावर सुताचे दोन वेढे होते आणि गाठ होती. नागनाथनं ती खिडकीशी नेऊन पाहिली. शेपूट डावीकडे होतं. तो तसाच खाली बसला.

"चकत्या तू चढवल्या का?"

मीराबाई साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. ते तिचं काम, घरी बसून. "म्या कामून चढवू? मला तर ते बघवत बी नाई." कात्री थांबली. "मला वाटलं तुमीच."

नागनाथ बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. भगत, उतारा, अंगात येणं, यातलं काही त्यानं घराच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नव्हतं, आणि येऊ देणाऱ्यांची तो चारचौघांत खिल्ली उडवायचा. त्यानं सरळ विचार केला. चकत्या काढल्या, ट्रंकेत टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. सोमवारी किल्ली करगोट्यालाच होती आणि ट्रंकेला कुलूप होतं. चकत्या रॉडवर होत्या, सव्वाच्या आणि अडीचच्या, सगळ्या.

आता घरातल्या चकत्या संपल्या. त्याला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर काळजात चर्रही झालं. चकत्या संपल्या म्हणजे तोही संपला, असंच ना?

पुढच्या खेपेला आधी वास आला. खाडीचा, सोड्याचा आणि कुजक्या सुताचा. रॉडवर पाच किलोच्या चारही चकत्या होत्या. गंज चढलेल्या, कडेच्या खाचांत जांभळा गाळ. खाली फरशीवर पाण्याचं जांभळं कडं उमटलं होतं. मीराबाईनं ते पुसलं, घासलं, राखेनं घासलं. निघालं नाही. मग फडकं हातात धरून ती तिथंच रडायला लागली.

"गार पाण्यात उतरला आसंल लेकरू," ती म्हणाली. "त्याला पवता येत नव्हतं."

नागनाथनं त्या सकाळी जांभळ्या चकत्या उचलल्या. न उचलून सांगतो कुणाला.

हिवाळा गेला. वजन वाढत राहिलं आणि नागनाथही. खांद्यातली कळ गेली, मनगटं जाड झाली, सदऱ्याची बाही दंडाला आवळायला लागली. कारखान्यातला सुकदेव त्याच्या शेजारच्या मागावर असायचा. माणूस खानदेशचा, बोलायला मोकळा. तो म्हणायचा, "काय खातस भाऊ? पन्नाशीत जवान व्हयना तू." नागनाथ नुसता मान हलवायचा. सकाळची ती पंधरा मिनिटं सोडली, तर त्याला कशातच गोडी राहिली नव्हती. तेवढ्या वेळात मात्र तो एकटा नसायचा. पाठ जरा वाकली की त्याला आपोआप कळायचं, आणि तो गुडघे मोडायचा.

नागनाथच्या एका सुट्टीच्या दिवशी वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले. बमरोलीत एवढी शांतता कधी नसते. भर दुपारी दोघं जेवत होती. मागे कोपऱ्यात आवाज झाला. नट आट्यावरून फिरतो तसा, कर्र, कर्र, आणि शेवटी आवळल्याचा बारीक टक.

दोघांनीही मागं वळून बघितलं नाही. मीराबाईनं टोपल्यातली एक भाकरी वेगळी काढली आणि ताटलीत उघडी ठेवली.

"बास कर की रे," तो ताटाकडे बघत म्हणाला. "बापाला किती लावशील?"

पण त्या दिवशी सगळं लागलं होतं. प्रत्येक हाताला साडेएकोणीस किलो. प्रज्ञेश स्वतः एवढ्यावर कधी पोचला नव्हता. नागनाथला ते पेलायला महिना लागला. पेललं तो सोमवार होता.

त्यानंतरच्या बुधवारी, दुपारी चारला, सगळे चहाला निघाले आणि मागच्या बोळात बीम घसरला.

आवाज नागनाथच्या ओळखीचा होता.

बोळात सुकदेव होता. कमरेखाली अडकलेला, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. तीच भिंत. आजूबाजूला कुणी नाही.

नागनाथनं पाठ ताठ ठेवली. गुडघे मोडले. बोटं टोकाखाली घातली.

बीम उठला.

चार बोटं, मग वीतभर. सुकदेव कोपरांवर सरपटत बाहेर आला. "मन्हा पाय," तो म्हणत होता, "मन्हा पाय शे ना भाऊ?"

पाय होता. दोन्ही होते.

माणसं धावत आली. सुकदेवला उचलून बाहेर नेलं. नागनाथ मात्र बीम धरून उभाच होता. शेठ गुजरातीत म्हणाला, "काका, मुकी दो. हवे मुकी दो." नागनाथ बीम खाली ठेवेना. मान वाकवून तो बीमाखालच्या अंधाऱ्या फटीत बघत राहिला, अजून कुणीतरी बाहेर यायचं असल्यासारखा. शेवटी चौघांनी त्याच्या हातातून बीम काढून घेतला. हात कुठं लचकला का म्हणून शेठनं त्यालाही दवाखान्यात पाठवलं. त्यांनी तपासलं, वजन केलं आणि घरी जा म्हणाले.

घरी आला तर रॉड रिकामे होते. चकत्या भिंतीशी एकावर एक नीट रचलेल्या, सूत नाही, गाठ नाही.

पुढचा सोमवार गेला, त्यापुढचाही गेला. नागनाथ पहाटे उठून कोपऱ्याशी जाऊन बसायचा. स्वतः चकत्या चढवून बघितल्या. त्या नुसत्या लोखंडाच्या होत्या. एका सकाळी त्याचा बांध फुटला. "त्याच्या बारीला उचललं म्या," तो रॉडला म्हणाला. "तुझ्या बारीला नाई उचललं. तुझ्या बारीला नाई." मीराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पावसाळ्याच्या तोंडावर, सोमवारीच, त्याला जाग आली ती मीराबाई उठून बसल्यामुळे. एक रॉड तिच्या उशाशी होता. दोन्ही टोकांना सव्वा किलोच्या चकत्या, आणि नटावर लाल सूत. आदल्या दिवशी तिनं कापलेल्या साड्यांतलं. गाठीचं शेपूट डावीकडे होतं.

मीराबाई म्हणजे जेमतेम नागनाथच्या खांद्याएवढी बाई. ती कितीतरी वेळ त्या गाठीकडे बघत बसली. तिला आनंद झाला होता, हे नागनाथला दिसलं, आणि त्या आनंदामागून हळूहळू भीती आली तीही दिसली. त्यानं रॉड उचलायला हात पुढे केला.

"टाकून येतो खाडीत."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला त्यानं उगंच शिकवलं नाई."

ती उठली, पदर कमरेला खोचला आणि भिंतीकडे तोंड केलं. पहिल्या दिवशी चार वेळा. पाठ ताठ, गुडघे मोडलेले. तिला हे कुणी सांगितलं, नागनाथनं विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात अडीचच्या लागल्या, आणि कोपऱ्यातला दुसरा रॉडही तिच्या उशाशी आला. नागनाथ कामावर जाताना आता रस्ता दोनदा बघून ओलांडायचा, बोळात जायचं टाळायचा, आणि छातीत जरा गॅस झाला तरी भिंतीला टेकून उभा राहायचा.

पाच किलोच्या चकत्या लागल्या त्या सकाळी ती मोजता मोजता मध्येच थांबली. तोंड भिंतीकडेच होतं.

"अहो," ती म्हणाली, "दवाखान्यात तुमचं वजन किती भरलं होतं?"

"अठ्ठावन्न," नागनाथ म्हणाला.

तिनं मान हलवली, दम घेतला आणि पुढं मोजायला लागली. सात. आठ. नऊ.