मिरजेचा गचका

"नाही," प्राध्यापक श्रीरंग कारखानीस म्हणाले आणि त्यांनी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले. "स्वर गोड आहे, स्वच्छ आहे, पण तो नाही."

डॉ. नसीम बारगीर हिनं वाजवणं थांबवलं. मिरजेच्या ध्वनिसंशोधन केंद्राची ती प्रमुख. भल्याभल्यांना तिनं आजवर पाणी पाजलं होतं. पण आज तिच्या बापाचं नाव राहतं की पुसलं जातं, हे या एका माणसाच्या कानांवर ठरणार होतं.

टेबलावर एक भोपळा होता. तंबोऱ्याला लावतात तसलाच, पोखरून वाळवलेला, लाखेनं तकतकीत केलेला. त्याला तारा मात्र नव्हत्या. दांडीवर पितळेची एक पट्टी होती, तिच्यावरून बोट सरकवलं की स्वर वरखाली होई, आणि भोपळ्याच्या पोटात विजेचं मंडल बसवलेलं होतं. हा विजेचा तंबोरा, किंवा खरं तर त्याची नसीमनं केलेली प्रतिकृती. मूळ तंबोरा तिच्या अब्बांचा, दस्तगीर बारगीर यांचा. घर पिढीजात तंबोरे करणाऱ्यांचं आणि अब्बांना खोड रेडिओ उसकटून बघायची. त्यांनी या दोन गोष्टींचं लग्न लावून दिलं. तसा तंबोरा एकच झाला आणि तोही पुढे कृष्णेच्या पुरात गेला. मागे राहिली चार मिनिटांची एक टेप, कुठल्याशा कॅसेट कंपनीसाठी वाजवलेली. तिच्यावर ना नाव, ना तारीख.

त्या टेपनं जग जिंकलं. आता, २०४१ साली, गाणी बहुतेक संगणकच बांधत. सूर अगदी काटेकोर, पण ऐकणाऱ्याला ते गार लागत. मग संगीतकार त्यांच्यावर मिरजेच्या टेपमधून उतरवलेला स्वर पांघरत. त्या स्वराला नावच पडलं होतं, गोधडी. जगातल्या कुठल्याही स्टुडिओत 'जरा गोधडी टाका' म्हटलं की समोरच्याला कळायचं. टेपच्या तिसऱ्या मिनिटाला तो स्वर एकाएकी उसळतो आणि पुन्हा जागेवर येतो. त्या जागेला सगळे 'मिरजेचा गचका' म्हणत. तो गचका हुबेहूब घेता यावा म्हणून वादक वर्षानुवर्षं घाम गाळत. अब्बांच्या या गचक्यावर नसीमनं एक जाडजूड शोधनिबंध लिहिला होता आणि वर्गात तो शिकवताना तिची मान अजूनही ताठ होई.

आणि आता परदेशातली एक कंपनी म्हणत होती की तो स्वर तिच्या जुन्या सिंथेसायझरचा आहे. तिचं यंत्र शहाऐंशी साली मुंबईत आलं, त्यावर कुणीतरी ही टेप वाजवली, मिरजेचा काही संबंध नाही. जागतिक ध्वनिवारसा मंडळ आपल्या सूचीत गोधडी नोंदवणार होतं. ती कुणाच्या नावावर, हे ठरवायला कारखानीस आले होते. माणूस काटेकोर. चहात साखर किती, हेसुद्धा ते विचारपूर्वक सांगत.

"साहेब, तो तंबोरा मी वाजवलाय," कोपऱ्यातून आवाज आला.

तिथे नसीमची अम्मी, हलीमाबी, पानाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. घरी थांबायला तिनं साफ नकार दिला होता.

"अम्मी, आत्ता नको," नसीम म्हणाली.

कारण अम्मी बोलायला लागली की थांबत नसे. मिरज जंक्शनात एकदा मेल गाडी आपल्यासाठी दहा मिनिटं थांबवून धरली होती, एका नामांकित पैलवानाचा पंजा आपण आडवा केला होता, कलेक्टरीणबाई आपल्या लोणच्यासाठी गाडी पाठवायच्या, अशा तिच्या एकेक गोष्टी. तंबोरा वाजवल्याची गोष्ट त्याच गठ्ठ्यातली. अब्बांना विचारलं तर ते नुसते हसत. आता तेही नव्हते.

कारखानीसांनी भिंतीवरचा पडदा उजळला. "नसीमबाई, आपण मुळापासून जाऊ. संगणकाचा स्वर गार का वाटतो?"

"कारण तो ठेवला तिथे बसतो. कान दोन क्षणांत त्याला ओळखून मोकळा होतो. जुन्या यंत्रांतला स्वर जागेवर बसत नाही, सतत किंचित भटकत राहतो. त्या भटकंतीलाच आपण ऊब म्हणतो."

"बरोबर. आणि संगणकात आपण खोटी भटकंती घालतो, वाटेल तशी. पण या टेपवरची भटकंती वाटेल तशी नाही. मी ती थरगाळणीतून काढली आहे." थरगाळणी म्हणजे स्वराचे संथ आणि जलद हेलकावे वेगवेगळे करून दाखवणारी आज्ञावली. "हा संथ थर बघा. पहिलं दीड मिनिट स्वर हळूहळू उतरतो, मग स्थिरावतो. काहीतरी तापत गेलंय. कंपनी म्हणते, चालू केल्यावर तिचं यंत्र असंच तापतं. तुमच्या प्रतिकृतीत मात्र ही रेघ सरळ आहे."

नसीम त्या सरळ रेघेकडे बघत राहिली. मग तिची नजर टेबलाकडे गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तंबोरेवाल्यांच्या घरात जन्म घेऊन ती तंबोरा टेबलावर ठेवून वाजवत होती.

तिनं खाली सतरंजी अंथरली, मांडी घातली आणि भोपळा पोटाशी घेतला. दीड मिनिटात पडद्यावरची रेघ टेपसारखीच उतरली आणि स्थिरावली.

"अंगाची ऊब," ती म्हणाली. "शब्दशः. वाजवणाऱ्याच्या अंगानं भोपळा तापतो आणि स्वर उतरतो."

"उत्तम. पण हे निर्णायक नाही. यंत्रही तापतं, माणूसही तापवतो." कारखानीसांनी दुसरा थर उघडला. "आता हा मधला थर. टेपवर बारीक लहर आहे, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. कंपनीच्या मते टेपयंत्राचं चाक डगमगत होतं. तुमच्या तंबोऱ्यात अशी लहर दिसत नाही."

खरंच दिसत नव्हती. नसीमनं भोपळ्याचं झाकण काढून आत पाहिलं. आत गँग होता, जुन्या रेडिओत स्टेशन लावायला असायचा तसला, एकमेकांत सरकणाऱ्या पातळ पत्र्यांचा. या तंबोऱ्यात कानाला न ऐकू येणारे दोन अतिउच्च स्वर तयार होत आणि त्यांची वजाबाकी म्हणजे ऐकू येणारा स्वर. त्यामुळे पत्रे केसभर हलले तरी स्वर डुलायचा. म्हणूनच रेडिओवाले गँग रबरी गादीवर बसवत. नसीमनंही पुस्तकात वाचून तशीच गादी घातली होती.

"मी गाढव आहे," ती म्हणाली.

"एवढं टोकाचं नको," कारखानीस म्हणाले.

"नाही हो, आहेच. भोपळ्यात रबर! तंबोरा करणारा माणूस भोपळ्याला रबर कधी लावेल का? आवाज मरतो त्यानं. अब्बांनी गँग थेट भोपळ्याला लाखेनं चिकटवला असणार. रेडिओवाल्यांच्या हिशेबानं ही घोडचूक. पण बारगीरांच्या घरात दुसरं काही सुचलंच नसतं."

तिनं गादी उपटून काढली, लाख तापवली, गँग भोपळ्याच्या आतल्या अंगाला चिकटवला आणि लाख थंड होताच पुन्हा मांडी घातली. स्वर निघाला, आणि तो ऐकताच तिच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून ऐकलेली गोधडी तिच्या मांडीवर वाजत होती. पडद्यावर बारीक लहर उमटली, मिनिटाला बहात्तर.

कारखानीसांनी पुढे होऊन विचारलं, "तुमची नाडी बघू का?" त्यांनी मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं. "बहात्तर. नसीमबाई, हा भोपळा तुमचं हृदय ऐकतोय!"

"स्टँडवर ठेवलेल्या सिंथेसायझरला हृदय कुठून ऐकू येणार?" नसीमचा आवाज चढला होता. अभिमानानं तिचा ऊर भरून आला. "साहेब, टेपवर माझ्या अब्बांच्या हृदयाचे ठोके आहेत. सगळं जग ते पांघरून झोपतंय!"

"थांबा," कारखानीस म्हणाले. त्यांचा काटेकोरपणा सुटी घेत नसे. "टेपवर आणखी एक लहर आहे, फार अंधूक. मिनिटाला दीडशे. कंपनी हीच पकडेल. म्हणेल, टेपयंत्राला चाकं दोन, म्हणून लहरी दोन."

दोघंही पडद्याजवळ गेले. नसीमनं दोन्ही लहरी एकाखाली एक मांडल्या. पहिली लहर श्वासागणिक थोडी संथ होई, पुन्हा वेग घेई. दुसरी तिच्या नादी लागत नव्हती. ती आपली लगबगीनं चालली होती.

"चाकं असती तर दोन्ही एका चालीनं अडखळली असती," नसीम म्हणाली. "ही दोन वेगळी हृदयं आहेत. दोन माणसं भोपळ्याला टेकून बसली होती?"

"दीडशेच्या वेगानं मोठ्या माणसाचं हृदय चालायला लागलं तर तो वाजवत बसत नाही, दवाखान्यात जातो." कारखानीस बोलता बोलता अडखळले. त्यांना गेल्याच महिन्यात सुनेच्या सोनोग्राफीत ऐकलेली ती लगबग आठवली असावी. "पूर्वी सुइणी पोटाला लाकडी नळी लावून ठोके ऐकायच्या," ते हळूच म्हणाले. "भोपळा त्याहून मोठा."

नसीम सावकाश कोपऱ्याकडे वळली. अम्मी निवांतपणे पानाला चुना लावत होती.

"अम्मी," ती म्हणाली. "तो तंबोरा कुणी वाजवला होता?"

"घ्या! मगाधरनं काय सांगत होते मी? तुझ्या अब्बांचे हात लाखेनं पोळलेले, बोट सरकंना पट्टीवर. कॅसेटवाला दारात उभा. म्हटलं, आणा इकडं. सातवा महिना होता मला. भोपळ्यावर भोपळा, कॅसेटवाल्याला हसू आवरंना."

"मग अब्बांना विचारलं की ते हसत का होते?"

"कॅसेटवाल्याचं तोंड आठवत असंल. खोटं म्हणाले का कधी? न्हाय ना? तूच आपलं गृहीत धरलंस."

नसीम तिची एकुलती एक. दुसरं हृदय कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. तिचे डोळे भरून आले. कारखानीसांनी चष्मा पुसला आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "आपला जन्म कधीचा?"

"जानेवारी चौऱ्याऐंशी."

"कंपनीचं यंत्र आलं शहाऐंशीत. म्हणजे टेप त्याच्या आधीची." त्यांनी हात जोडले. "टेपवर तारीख नाही असं आपण इतकी वर्षं समजत होतो. तुम्हीच तारीख आहात, नसीमबाई. मी मिरजेचं नाव लिहितो. बनवणारे दस्तगीर बारगीर, वाजवणाऱ्या हलीमाबी बारगीर."

नसीम खाली बसली आणि तिनं अम्मीच्या मांडीवर डोकं टेकलं. एवढी विदुषी, पण त्या क्षणी तिला जगाला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही माझी आई आहे. मग काहीतरी आठवून तिनं डोकं वर काढलं.

"अम्मी, पण तो गचका कसा घेतलास गं? तिसऱ्या मिनिटाचा? तसा सूर उसळवणं अजून कुणाला नीट साधत नाही. मी सत्तर पानं लिहिली आहेत त्यावर."

"कसला घेतला? मी आपली सरळ वाजवत होते." अम्मीनं विडा गालात सरकवला आणि लेकीकडे कौतुकानं पाहिलं. "तू लाथ मारलीस. अशी सणसणीत की भोपळाच उडाला. तुझे अब्बा म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून वाजवू. मी म्हटलं, खबरदार! माझ्या पोरीनं वाजवलंय, ते पुसायचं न्हाय."

कारखानीसांनी पेन पुन्हा उघडलं आणि वाजवणाऱ्यांत दुसरं नाव लिहिलं.