मूळपुरुषाचा ढोल, घरच्या दोन चुली

वाडीच्या वळणावर ढोल घुमला आणि पडवीत उभ्या असलेल्या जानकीने हातातली कुदळ आपल्याच चुलीवर घातली! मातीची चूल फुटली, राख उडून तिच्या केसांवर बसली.

एकोणसाठ सालचा तो शिमगा. गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाच्या नावाचा ढोल घेऊन सारा गाव नाचत घरोघर फिरत होता, आणि ढोल होता जानकीच्या दिराच्या, लवूच्या गळ्यात. बापजाद्यांपासूनचा मान! पण ढोलकऱ्याच्या घरात चूल एकच हवी, हा मूळपुरुषाचा दंडक. दारात गावकर, गावचा मानकरी, चुली विचारायचा, घरच्या बाईने उत्तर द्यायचे. चुली दोन निघाल्या की ढोल तिथेच दुसऱ्याच्या गळ्यात जायचा.

आणि इथे तर चुली दोन होत्या! विधवा जानकीने पोरक्या लवूला पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याचे लग्न लावले. पण गेल्या श्रावणात त्याचे तान्हे तापाने दगावले, तेव्हा दुःखाने वेडीपिशी झालेली शेवंती, त्याची बायको, किंचाळली होती, "हिच्या वांझ नदरेन माजो झील खाल्लो!" लवू खाली मान घालून उभा होता. एक शब्द बोलेल तर शपथ! जानकीने मुकाट्याने पडवीत वेगळी चूल मांडली. शेवंतीला पुन्हा दिवस गेल्यावर तर जानकीने माजघरात पाऊलही टाकले नाही.

मिरवणूक अंगणात शिरली. ढोल थांबला.

"घराक चुली किती गो?" बाबली गावकराने विचारले.

उंबऱ्यातली शेवंती पांढरीफटक पडली. तेवढ्यात राखेने माखलेली जानकी काखेत गाठोडे घेऊन पडवीतून उतरली.

"एक! माजी मी आताच मोडलंय. वाजय रे लवू!"

लवूचा हात उठेना. "वयनी... मगे तू जेवतलंस खंय?"

"आंबोलेक, भावाकडे. वाजय, मूळपुरुस वाट बघता!"

लवूने गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला.

"ढोल गेलो तरी चलात," तो हुंदका देत म्हणाला, "त्या दिवशी मी गप रवलंय, आज रवूचंय नाय. माजी आवस, माजी आई घर सोडून जाता, नि मी ढोल वाजवू?"

शेवंती धावत खाली आली. तिने गाठोडे ओढून घेतले आणि जानकीचा राखेने माखलेला हात धरून भर अंगणात आपल्या पोटावर ठेवला.

जानकी हात सोडवू लागली. "नको गो... माजी नदर..."

"तीच नदर होयी माका! वयनी, दुःखान माजी मती फिरलली... घरात चला. चूल एकच, नि ती तुमची!"

बाबलीने डोळे पुसत ढोल उचलून लवूच्या गळ्यात घातला. लवूने पहिली थाप मारली, अंगण दणाणले... आणि जानकीच्या तळहाताखाली ते इवलेसे पोर हलले.