परतवलेला घास

"कारखान्याच्या मालकीणबाईंना मी 'नाही' म्हणून सांगून टाकलं," नवरा सहज बोलून गेला, आणि तिच्या हातातली इस्त्री त्याच्या सदऱ्यावर तशीच थांबली... कापड करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे तिने ती उचलली.

"कशाला नाही म्हणालात?"

"अगं, त्या वरच्या कामाच्या नव्या जागेला. तू बाबांना अंघोळ घालत होतीस ना सकाळी, तेव्हा आल्या होत्या. कोटांचं सगळं काम तुझ्यावर सोपवायचं म्हणत होत्या. मी म्हटलं, कशाला तिच्या डोक्याला ताप? ती आहे त्यात समाधानी आहे."

समाधानी! हा शब्द तिने किती जणांच्या तोंडून ऐकला होता! कौतुकाने दिलेला, आणि दाराला बाहेरून लावलेल्या कडीसारखा घट्ट बसलेला... शिवणकामाच्या कारखान्यात तिला सगळे 'कात्री' म्हणत. जाड लोकरीच्या कापडावर तिची कात्री फिरू लागली की बाकीच्या बायका हातातलं काम थांबवून बघत. पण दुपार झाली की कात्री खाली ठेवून ती धावत घरी येई, कारण अंगावरून वारं गेल्यापासून सासरे फक्त तिच्याच हातून जेवत. नवरा पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत दिवसभर घरातच असे. पण बापाला घास भरवणं हे आपलं काम असू शकतं, हे त्याच्या मनालाही कधी शिवलं नव्हतं!

या घरात ती दुःखी होती असं नव्हतं. सासऱ्यांचा तो लुळा हात आपल्या हातात घेताना तिला खरोखरच माया दाटून येई. पण आपण बेतलेला, आपल्या मनातला कोट रस्त्याने चालताना बघावा, ही ओढही तितकीच खरी होती... आणि त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये तिचा जीव चेंगरून निघत होता.

"मला एकदा विचारायचं तरी होतंत," एवढंच ती म्हणाली.

"म्हणजे? तुला हवं होतं?" नवरा खरोखरच चकित झाला. "मग बाबांचं कोण बघणार?"

डोळे पुसून, मऊ भाताची वाटी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. मधलं दार उघडंच होतं. सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं.

तिने चमचा पुढे केला. म्हाताऱ्याने ओठ मिटले.

"बाबा, आ करा बरं... गरम आहे म्हणून का?" तिने फुंकर घातली. त्यांनी धडधाकट हाताने चमचा बाजूला सारला. भात चादरीवर सांडला. पुन्हा घास, पुन्हा तेच! इतका जीव लावलेल्या माणसाने अन्न नाकारावं... तिचा बांध फुटला.

"माझं काय चुकलं हो बाबा? मी कुठं जाणार नाहीये! मी गेले नाही ना!"

ते ऐकून सासऱ्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी दोन बोटं वर केली आणि हवेत कात्रीसारखी उघडमीट केली. मग त्यातलंच एक बोट दाराकडे रोखलं. दारात नवरा उभा होता.

"तो... भरवेल," शब्द कसेबसे बाहेर पडले. "तू... जा, सूनबाई."

नवऱ्याने वाटी घेतली. घड्याळांतली नाजूक चाकं लीलया हाताळणारी त्याची बोटं बापाच्या तोंडाशी मात्र अडखळली. घास ओघळला, ठसका लागला, त्याने घाबरून पाठ चोळली. म्हाताऱ्याने तरीही नेटाने गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत नवरा घामाघूम झाला होता.

"तू रोज... हे रोज करतेस?" त्याने रिकामी वाटी खाली ठेवली. "खरं सांगू? बाबांचं निमित्त होतं गं. तू मोठी होशील आणि मी या घड्याळांच्या टेबलाशीच राहीन, याची मला भीती वाटली. म्हणून तुझ्या वतीने मीच समाधानी होऊन बसलो! चल... माझ्या तोंडाने नाही म्हटलं होतं, ते माझ्याच तोंडाने परत घेतो."

मालकीणबाईंनी आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग तिला जागा दिली.

नव्या जागी पहिल्या दिवशी दुपार होताच तिचे पाय आपोआप दाराकडे वळले. उंबऱ्याशी ती थबकली. मग वळून ती परत कापडाशी गेली.

संध्याकाळी घरी येऊन पाहते तो नवऱ्याच्या सदऱ्यावर वरणाचे डाग, आणि चेहऱ्यावर जिंकून आल्याचा भाव! "अर्धी वाटी जास्त खाल्ली आज!"

तिने हात धुतले, नवऱ्याच्या हातातला चमचा घेतला आणि सासऱ्यांजवळ बसली. "आता तरी माझ्या हातचा एक घास?"

म्हाताऱ्याचे ओठ नकळत विलगले. किती वाट पाहिली असेल त्यांनी या हाताची! पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी ते घट्ट मिटले. आज खाल्ला, तर उद्या ही दुपारी धावत येईल...

तिने त्यांच्या उशीवर डोकं टेकलं आणि ती मनसोक्त रडली. तिच्या केसांवर हात ठेवून, सगळं बळ एकवटून ते पुटपुटले,

"रवि...वारी!"