नखाच्या मुळाशी

१९३८च्या हिवाळ्यात भोरच्या दवाखान्याच्या पायरीवर अंबू बसून राहिली होती. पुढची पायरी चढायला पाय उचलतच नव्हता. आई, साळूबाई, नंबर लावायला आत गेलेली. येणारे-जाणारे अंबूच्या बोटांवरचे लाल चट्टे आणि जांभळट पापण्या बघत आणि अंग चोरून वर जात. तिच्या गावात, हिर्डोशीत तर कुजबुज केव्हाच सुरू झाली होती... महारोग!

“हात द्या.”

तिनं वर पाहिलं. समोर एक अनोळखी तरुण — कामथडी गावचा कुंडलिक, वडिलांचं औषध न्यायला आलेला.

“लांब ऱ्हावा. लोक काय म्हनत्यात, ऐकलं न्हाई?”

“ऐकलं की. पन तुमी हितंच बसून ऱ्हानार व्हय?”

तिनं हात दिला. त्याचा हात उबदार होता.

आत डॉक्टरांनी चट्ट्यावर सुई टोचली. अंबू कळवळली. “दुखतंय ना? चांगलं आहे,” ते म्हणाले. मग तिच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून त्यांनी बोट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, दिवा जवळ ओढला. बराच वेळ ते बोललेच नाहीत. साळूबाईच्या मुठीत पदराचा बोळा झाला.

“ताडून बघायला एक निरोगी बोट हवंय.”

दारात घुटमळणारा कुंडलिक पुढे झाला.

डॉक्टरांनी अंबूलाही भिंगातून बघू दिलं. कुंडलिकच्या कातडीखाली बारीक लाल वाहिन्या, अंबाड्यात ओळीनं खोवलेल्या आकड्यांसारख्या. तिच्या मात्र फुगलेल्या, पिळवटलेल्या, आणि मधेमधे नुसतीच मोकळी जागा.

“माज्यात... मदी मदी काईच न्हाई की,” ती पुटपुटली.

“हा महारोग नाही. त्यात चट्टा बधिर असतो, तुला तर सुई दुखली,” डॉक्टर म्हणाले. “लागणही होत नाही. स्नायू सुजलेत, बारीक रक्तवाहिन्याही. यावर नेमकं औषध नाही, पोरी. विश्रांती घे. काहींची ताकद परत येते. काहींची...”

साळूबाई रडू लागली. अंबू भिंत धरत बाहेर आली. मागोमाग कुंडलिक.

“तुमच्या गावाला येऊ? म्हंजे... मागनी घालाया.”

“दया आली व्हय?”

“न्हाई. डाक्टर गप बसले तवा लई भ्या वाटलं. तुमी कोन, कुठल्या, ठावं न्हाई... पन जीव थाऱ्यावर ऱ्हाईना.”

“मला हंडा उचलत न्हाई. केसं बी आई इंचरती.”

“आमच्या घरी पानी मीच भरतो. आन् केसं—” तो अडखळला. “शिकीन की!”

अंबूला हसू आलं. लगेच ते मावळलं.

“बरी झाले की या.”

“आन् न्हाई झालात तर?”

तिनं आपल्या बोटांवरच्या चट्ट्यांकडे पाहिलं.

“तरी बी या.”

तो आला. वर्षभरानं लग्नाचा मांडव उभा राहिला तेव्हा अंबूला चालता येत होतं. पण माळ घालताना हात खांद्याच्या वर जाईनात. सगळा मांडव बघत राहिला. कुंडलिकनं मान खाली केली.

“अरं नवरदेवा, आत्ताच वाकलास व्हय?” कुणीतरी ओरडलं.

“व्हय,” तो म्हणाला, आणि माळ नीट गळ्यात पडेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.