दिव्याला वळण नसतं

पॅव्हेलियनच्या तळघरात, जिथे पूर्वी पाण्याचे पाइप आणि फाटकी जाळी पडलेली असायची, तिथे आता वैनगंगा हॉकी संघाची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे एक खुर्ची, समोर एक दिवा आणि भिंतीवर एक पडदा. दिवा लागला की हातातले बटण दाबायचे, एवढेच काम. दर्शना मडावीने ते चाळीस वेळा केले, डोळ्यांची हालचाल टिपणारी कपाळावरची नजरपट्टी सोडून टेबलावर ठेवली आणि विचारले, "झालं काय डॉक्टर? वर पोरी खोळंबल्या."

"झालं," प्रयोगशाळा चालवणारे डॉ. ओजस परुळेकर म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी पडदा मुख्य प्रशिक्षक अर्चना ठवरे हिच्याकडे वळवला. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ तिथे मांडला होता : दोनशे एक्केचाळीस सहस्रांश सेकंद.

"एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींचा हा आकडा दोनशेच्या आत येतो," परुळेकर म्हणाले. "डोळ्यानं पाहिलेलं हाताला कळायला वेळ लागतोच. छत्तिसाव्या वर्षी तो वाढतो. त्यात तिचा दोष नाही."

"दोष नाही ते मलेही समजते, डॉक्टर. ठेवायची का द्यायची, तेवढं सांगा."

अर्चनाला घाई होती आणि ती उगाच नव्हती. लीगमध्ये वैनगंगा संघ सलग दोन वर्षे तळाला होता. २०४९चा हा मोसम तिसरा. तिसऱ्या वर्षीही तळाला राहणारा संघ लीगमधून कायमचा बाद, असा नियम होता. संघ बाद झाला तर बावीस पोरी बावीस दिशांना पांगणार, आणि त्यांतल्या निम्म्या तरी पुन्हा हॉकीला हात लावणार नाहीत, हे अर्चनाला पक्के ठाऊक होते. म्हणून तिने मोसमाच्या आधीच कंबर कसली होती. संघ मुळापासून पुन्हा उभा करायचा. वयाने जुन्या पाच खेळाडूंपैकी चौघींना तिने इतर संघांना देऊन टाकले आणि त्यांच्या बदल्यात कोवळ्या पोरी आणल्या. उरली होती एकटी दर्शना.

तिच्यासाठीही मागणी आली होती. कोल्हापूरच्या पंचगंगा संघाने कळवले होते की दर्शना आम्हाला द्या आणि आमच्या आघाडीच्या दोन अठरा वर्षांच्या पोरी घ्या. एका थकत आलेल्या खेळाडूपायी दोन ताज्या पोरी! कोल्हापूरकरांना ऊन लागले असावे, असे म्हणून वैनगंगेची सगळी समिती पोट धरून हसली होती. अर्चनाही हसली होती, पण सही करायला तिचा हात उचलत नव्हता. चौदा वर्षांची दर्शना एटापल्लीहून नागपूरला आली तेव्हा तिला अर्चनानेच हाताशी धरले होते. पुढे सात वर्षे दोघी मधल्या फळीत खांद्याला खांदा लावून खेळल्या होत्या.

"द्या म्हणायच्या आधी आणखी एक पाहा," परुळेकर म्हणाले. त्यांनी पडदा बदलला. "हे आकडे मैदानातले आहेत. दर्शना खेळत असली की तिच्या भोवतीच्या आठ पोरी साठ सहस्रांश लवकर हलतात. तिनं चेंडू मारायच्या आधीच त्या बरोबर जागेकडे धावायला लागतात."

"आधीच कशा?"

"ताई, हस्ताक्षराला वळण असतं ना? ओळखीच्या माणसाचं अर्धं अक्षर दिसलं तरी पुढचा शब्द आपण वाचून टाकतो. शरीरालाही तसंच वळण असतं. खांदा, कंबर, पाऊल. एखादीसोबत तीन वर्षं रोज खेळलं की तिच्या खांद्याची जराशी हालचाल पाहून पुढचं सगळं कळतं. कळलंय हे वाचणारीलाही कळत नाही, पाय आपोआप निघतात. मी त्याला वळणवाचन म्हणतो. त्यातून वाचणारा वेळ तो वळणकाळ. दर्शना स्वतः हळू झालीय, पण दुसऱ्यांना ती चपळ करते."

अर्चनाने पडद्यावरच्या आठ आकड्यांवरून एकेक करून बोट फिरवले. ती खेळायची तेव्हाही असा हिशेब करू लागली की समोरच्या संघाला धडकी भरायची.

"हे वळण विसरायले किती दिवस लागतात?"

"निम्मं विसरायला दोनेक वर्षं."

"आन् ती कोणच्या रंगाच्या जर्सीत आहे, याचा काही फरक पडते?"

परुळेकरांनी चष्मा काढला. प्रश्नाचा रोख त्यांच्या ध्यानात आला होता. "नाही," ते सावकाश म्हणाले. "डोळा जर्सी वाचत नाही."

मग सगळे लख्ख झाले. दर्शना पंचगंगेत गेली तर तिथल्या पोरींना तिचे वळण ठाऊक नसणार, म्हणजे त्यांच्या लेखी ती नुसती एक हळू खेळाडू. वैनगंगेच्या आठ पोरींना मात्र तिचा प्रत्येक पास तिने देण्याआधी वाचता येणार. मोसमातला शेवटचा सामना पंचगंगेशीच होता. दर्शना तो इमानदारीने खेळेल आणि तिची इमानदारीच आपल्या कामी येईल. अर्चनाला स्वतःची लाज वाटली. पण डोळ्यांसमोर बावीस पोरी होत्या, आणि तिने त्याच दुपारी सही केली.

दर्शनाला तिने मैदानावरच गाठले. आडपडदा न ठेवता सांगितले, निदान अर्धे तरी.

"मी हळू झाली काय, ताई?"

"हो. दिव्यावर तसंच आलं."

दर्शनाने पायातले पॅड सोडले, एकावर एक नीट रचले. "बरं. पण तिकडं जाऊन मी तुमच्या पोरी म्हणून सोडणार नाही. पूर्ण जोर लावीन."

"तुले मी तसंच तर शिकवलं," अर्चना म्हणाली, आणि तिच्या नजरेला नजर न देता निघाली.

बेत फळाला आला असे सगळे म्हणू लागले. कोल्हापूरहून आलेल्या दोघी गोल करू लागल्या. वैनगंगा तळातून एक पायरी वर सरकली. तिकडे पंचगंगेचे प्रशिक्षक सर्जेराव घोरपडे दर्शनाला सामन्यात दहा मिनिटांवर खेळवत नव्हते. ती बाकावर बसलेली दिसली की अर्चनाला वाईट वाटे, आणि आपला हिशेब चुकला नाही म्हणून बरेही वाटे. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता. हरला तर बाद.

त्या सामन्यात, कोल्हापूरच्या मैदानावर, घोरपड्यांनी दर्शनाला पहिल्या मिनिटापासून उतरवले.

सुरुवातीला सगळे ठरल्यासारखे झाले. वैनगंगेच्या पोरींनी दर्शनाचे दोन पास तिच्या स्टिकवरून निघता निघता उचलले. मग आघाडीची इशिता वासनिक चेंडू घेऊन उजवीकडे वळली, तर तिथे दर्शना आधीच उभी. इशिताने पुढच्या वेळी डावीकडून जाऊन पाहिले. दर्शना तिथेही हजर. ती धावत नव्हतीच. चार पावले टाकायची, स्टिक टेकवायची आणि चेंडू आपण होऊन तिच्याकडे यायचा. मध्यंतराला पंचगंगा दोन, वैनगंगा शून्य.

परुळेकर गॅलरीतून धावत खाली आले. हातातली आकड्यांची पाटी त्यांनी अर्चनापुढे धरली. "दर्शनाचा आजचा वेळ पाहा. उणे पस्तीस."

"शून्याच्या खाली? म्हणजे?"

"म्हणजे आपली पोरगी हलायच्या आधी ती निघालेली असते. ताई, चूक माझी आहे. पोरींना मी मैदानात मोजलं, दर्शनाच्या सोबत. आणि दर्शनाला मोजलं खोलीत, दिव्यासमोर. दिव्याला वळण नसतं. पोरींसमोर उभं करून तिला मी कधी मोजलंच नाही. आपल्या आठ जणींना एकटी दर्शना वाचता येते. तिला त्या आठही वाचता येतात, कारण त्यांना वळण लावलंय तिनंच. बाकी सगळ्या सामन्यांत ती खरोखर हळू आहे. वर्षातून एकदाच ती या लीगमधली सगळ्यात चपळ खेळाडू असते, आणि ती आपल्याविरुद्ध."

कोल्हापूरकरांना ऊन लागलेले नव्हते. आपण एक चाल पुढचे पाहिले आणि त्यांनी दोन, हे अर्चनाला आता कळले. रागावायला वेळ नव्हता.

"कोल्हापूरच्या दोघींले तर ती वाचू शकत नाही."

"ती नाही, पण तिच्या बाकीच्या दहा जणी वाचतात. त्या दोघी त्यांच्यातच वाढल्या. त्याही या दहा जणींना वाचतात म्हणा, पण दोघींनी कुठंकुठं पुरं पडावं?"

"दहा मिनिटांत वळण मोडता येईल?"

"अशक्य."

पोरी पाण्याच्या बाटल्या हातात धरून उभ्या होत्या. अर्चनाने त्यांच्याकडे पाहिले. पहिलीतले पोर पाटीवर अक्षर गिरवते तसे तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होते.

"डॉक्टर, जे काम माणसानं कधी केलंच नाही, त्यात त्याले वळण असते काय?"

"नसतं. प्रत्येक वेळी हात वेगळाच..." परुळेकर बोलता बोलता थांबले.

अर्चनाने पोरींना जवळ बोलावले आणि भराभर जागा वाटल्या. बचावातल्या आघाडीला, आघाडीतल्या बचावाला, डावीकडच्या उजवीकडे. गोलरक्षक तेवढी जागेवर ठेवली.

"मॅडम, मी आजवर बचावाच्या पुढं गेलीच नाही," पल्लवी निखाडे म्हणाली. धिप्पाड, लाजाळू पोरगी.

"म्हणूनच जायचं. चुकशील तर चूक. पण थांबायचं नाही."

तिसरे सत्र बघवत नव्हते. पोरी एकमेकींच्या अंगावर आदळत होत्या, पास भलतीकडे जात होते, आणि कोल्हापूरचे प्रेक्षक शिट्ट्या मारून हसत होते. वैनगंगेच्या गोलरक्षकाने तीन गोल कसेबसे अडवले. पण अर्चनाची नजर एकट्या दर्शनावर होती. दर्शना आता पोरींच्या खांद्यांकडे पाहत होती, थबकत होती आणि उशिरा पोचत होती. चौथ्या सत्रात कोणीतरी मारायला गेली एक आणि झाले दुसरेच. चेंडू वेडावाकडा उडून जाळ्यात गेला. दोन-एक.

शेवटच्या मिनिटाला वैनगंगेला पेनल्टी कॉर्नर मिळाला. म्हणजे गोलरेषेवरून एकीने चेंडू ढकलायचा, डी-बाहेर, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर, दुसरीने अडवायचा आणि तिसरीने मारायचा. समोर गोलात चार बचावपटू आणि गोलरक्षक. चेंडू ढकलला की चौघी झेपावत येणार, त्यांत पहिली दर्शना. नेहमीच्या सवयीने इशिता मारायला पुढे झाली. अर्चनाने तिला हाक मारून मागे घेतले आणि पल्लवीकडे बोट दाखवले.

पल्लवीचा चेहरा पांढरा पडला. अर्चनाचाही पडला असावा, पण तिने बोट खाली घेतले नाही.

चेंडू आला. अडला. दर्शना दोन पावले पुढे आली, तिने पल्लवीच्या खांद्याकडे पाहिले आणि तिथे तिला काहीच सापडले नाही. ती क्षणभर चेंडूचीच वाट बघत थांबली. पल्लवीने मारले ते धड मनगटाने उचललेले फ्लिक नव्हते, धड फटका नव्हता. चेंडू जमिनीलगत, रखडत, दर्शनाच्या स्टिकच्या टोकाजवळून गेला आणि उजवीकडे झेपावलेल्या गोलरक्षकाच्या डाव्या बाजूने आत शिरला.

दोन-दोन. शिट्टी वाजली. वैनगंगेच्या पोरी पल्लवीच्या अंगावर कोसळल्या, आणि अर्चना बाकावर बसली. संघ राहिला. बावीसच्या बावीस राहिल्या.

मैदान रिकामे होत आले तेव्हा दर्शना तिच्या शेजारी येऊन बसली. कपाळावरून घाम निथळत होता.

"पल्लवीले पाठवणार, ते मले कळलं होतं," ती म्हणाली. "इशिताले हाक मारली तुम्ही, तवाच. सात वर्षं तुमच्या बाजूनं खेळली मी."

"कळलं होतं, मंग अडवला काऊन नाही?"

"तुम्ही काय करणार ते कळलं. पल्लवी काय करणार, ते पल्लवीलेच ठाऊक नव्हतं."

दोघी हसल्या. मग अर्चनाचे हसू ओसरले. सहा महिने मनात दाबून ठेवलेले तिला आता पोटात ठेववेना.

"दर्शना, तुले मी नुसती हळू झाली म्हणून नाही दिलं. पोरींले तू वाचता येते, म्हणून दिलं. तुह्या इमानदारीचा फायदा घेतला मी. चुकलंच माझं."

"माहीत आहे."

"कोणी सांगतलं?"

"कोणी कशाले सांगते? त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं न पाहता गेल्या. दिव्याचीच गोष्ट असती तर पाहून गेल्या असत्या. मी तिथंच वाचलं."

"आन् तरी गेली?"

दर्शनाने स्टिकला लागलेले कृत्रिम गवताचे हिरवे धागे एकेक करून उपटले. "तुमच्याकडं राहिली असती तर पोरी नेहमीच माझ्या बाजूनं असत्या. मी हळू झाली का नाही, ते त्यांच्यासमोर उभी राहिल्याबिगर मले कसं कळणार होतं? डॉक्टरच्या दिव्यावर माझा इश्वास नव्हता, ताई. सहा महिने बाकावर बसून मी या एका दिवसाची वाट पाहिली."

अर्चनाने दर्शनाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"परत येशील?" तिने विचारले.

"नाही. मी आली का महिन्याभरात साऱ्या पोरी पुन्हा माझ्याच वळणाच्या होतील." दर्शना उठली, स्टिक खांद्यावर टाकली आणि पंचगंगेच्या बसकडे चालू लागली. चार पावलांवर ती थांबली. "पुढच्या वर्षी पुन्हा याच मैदानात आहे मी. तवर पल्लवीले वळण लावू नका."