दिवाळीपर्यंत येऊ नकोस

"तितंच थांब. आत येऊ नगंस."

शांतम्माच्या तोंडून शब्द निघाले आणि तिचे तिलाच ते कुणा परक्या बाईचे वाटले... उंबऱ्याच्या आत ती, बाहेर हातात पिशवी घेऊन उभा असलेला रेवण, आणि दोघांच्या मधे चौकटीला टेकवलेला तिचा हात! रविवारची सकाळ होती. रात्रभर धावून पुण्याहून आलेली गाडी अजून होटगीच्या फलाटावर उभी होती. रेल्वेच्या चाळीतल्या बाया नळावर घागरी लावून बसल्या होत्या, त्यांच्या गप्पा एकदम थांबल्या.

रेवण हसला. त्याला थट्टाच वाटली. "का गं? सारवलंय का काय?"

"सारवलं न्हाय. तू आता दिवाळीपतुर हितं यायचं न्हाय. पुण्याकडं जाणारी गाडी यायचीच हाय. तिनं माघारी जा."

"अप्पा कुठं हायेत?"

"लायनीवर."

खोटं नव्हतं ते. सिद्धाप्पा लायनीवरच होता. पण त्या दिवशी त्याची पाळी नव्हती, आणि सकाळी उठल्याउठल्या, चहाचा पेला तसाच ठेवून तो घराबाहेर का पडला, हे फक्त शांतम्माला ठाऊक होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून दानम्मा धावत आली. सिद्धाप्पाची ही थोरली विधवा बहीण. रेवणची आई साथीच्या तापात गेली तेव्हा लेकरू पाळण्यात होतं. तिथून दानम्मानंच त्याला वाढवलं होतं. "अगं ए, डोकं फिरलं का तुजं? रातभर परवास करून आलेलं पोर दारातनं परत घालवतीस? तुज्या पोटचा असता तर घालवला असतास का?"

शांतम्मा चौकटीतून हलली नाही. तिनं हात काढला नाही. रेवणच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं आणि त्या जागी असं काही आलं, की ते बघण्यापेक्षा डोळे गेले असते तर बरं, असं तिला झालं! "राहू दे आत्या," तो म्हणाला. "घर हिचंय." आणि घोटभर पाणीसुद्धा न घेता तो पाठमोरा झाला.

दार लावून शांतम्मा दारामागंच बसली. पदराचा बोळा तोंडात कोंबला, म्हणून नळावरच्या बायांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी आपला निवाडा केव्हाच देऊन टाकला होता. सावत्र ती सावत्रच! आणखी काय!

आता कुणालाही वाटेल, काय ही बाई! पण जरा दमानं घ्या. चार दिवसांपूर्वी त्या घरात काय घडलं, ते कळल्याशिवाय तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

शांतम्मा अक्कलकोटाकडची. सिद्धाप्पाशी लग्न होऊन आली तेव्हा रेवण चांगला शाळेत जाणारा मुलगा होता. तिच्या पोटी मूल झालं नाही. रेवणनं तिला कधी उलट उत्तर दिलं नाही, पण कधी अव्वा, म्हणजे आई, अशी हाकही मारली नाही. 'अगं', 'ऐकतीस का' एवढ्यावर इतकी वर्षं निभली होती. दुपारी शेजारच्या घरात एखादं पोर "अव्वाऽ" म्हणून ओरडलं, की हिचा हातातला चमचा क्षणभर थांबायचा... मग पुन्हा आमटी ढवळायला लागायचा.

रेवण मॅट्रिक झाला, चाळीतला पहिला! पुण्याला कॉलेजात गेला, तिथंच आवारातल्या वसतिगृहात त्याला खोली मिळाली. सिद्धाप्पा पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. हिरवा-तांबडा बावटा हातात घेऊन त्याची हयात गेलेली. गाडीवरचे सारे लोक त्याचे दोस्त. रेल्वेतल्या माणसाला लांब असं काही वाटतच नाही. "पुणं म्हंजे काय, एका रातीचं तर हाय की!" असं म्हणत सगळ्यांनी मिळून पोराला दर शनिवारी गाडीत बसवायचं आणि रविवारी सकाळी होटगीला उतरवून घ्यायचं, असा परिपाठच पडला. इतरांची मुलं सणासुदीला घरी येत, आणि ह्यांचा रेवण दर आठवड्याला! ह्यासारखं भाग्य नाही, असं तिघंही मानत होती. दानम्मा तर शनिवार उजाडला की पुरणाचं बघायची.

आणि मग एके दिवशी वसतिगृहाचे मास्तरच दारात येऊन उभे राहिले. विजापूरकडं निघाले होते, होटगीला गाडी बदलायची होती, मधे वेळ होता म्हणून चौकशी करत आले. साधा माणूस, कोट अंगात, पायांवर धुरळा. दानम्मा देवळात गेली होती. नवराबायको दोघंच घरी.

"मुलगा हुशार आहे," मास्तर म्हणाले. "पण खरं सांगू? तो अजून आमच्याकडं आलेलाच नाही. बुधवारपासून त्याचं लक्ष गाडीकडं. रविवारी मुलं एकत्र बसतात, फिरायला जातात, अडलेलं एकमेकांना विचारतात, त्यात हा कधी नसतो. त्याला एक मित्र नाही. सोमवारी परत आला की खोलीत रडतो, मी ऐकलंय. असंच चाललं तर दिवाळीच्या आत तो कॉलेज सोडून येईल. पहिल्या वर्षी अशी कितीतरी मुलं गेलेली मी पाहिलीत."

सिद्धाप्पाचा चेहरा उतरला. "मग आमी काय करावं म्हंता, साहेब?"

"दिवाळीपर्यंत येऊ देऊ नका. पण घरानं टाकलं, असंही वाटू देऊ नका. घरचं काही खायला पाठवत जा. चार मुलांत वाटून खाऊ दे. आणि हे तुम्हीच सांगा, कारण न देता; कारण दिलंत तर तो रडून तुम्हालाच विरघळवेल. मी सांगितलं तर तो मला चुकवून गाडीत बसेल!"

मास्तर गेले. मग सिद्धाप्पानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "शांता, माज्या तोंडून न्हाय निघायचं ते. आईविना पोर हाय... आन् अक्काला सांगितलं तर ती आधी त्यालाच सांगंल. तू सांग."

"मी सांगितलं तर त्यो काय समजंल, ठावं हाय न्हवं तुमाला?"

सिद्धाप्पाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं मान वर केली नाही, आणि शांतम्मानं त्या खाली घातलेल्या मानेकडं बघून ओळखलं, की हा भार आता आपलाच. पोराच्या मनात आपली जी काय इवलीशी जागा असेल, ती आपल्याच हातानं पुसून टाकायची... त्याचं शिक्षण उभं राहणार असेल तर तेही होऊ दे, असं तिनं मनाशी ठरवलं.

असं होतं ते सगळं.

रेवणला परत पाठवलं त्याच आठवड्यात तिनं बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, पापडासारख्या पातळ. तव्यावर फडक्यानं दाबून दाबून कडक केल्या, उन्हात ठेवल्या. महिनाभर टिकणारी ही भाकरी. बरोबर शेंगाची चटणी. सगळं फडक्यात बांधून पार्सलच्या डब्यावर काम करणाऱ्या जोतीरामच्या हाती दिलं.

दोन दिवसांनी गाठोडं जसंच्या तसं परत आलं.

"पोरगं स्टेशनावर आलं हुतं," जोतीराम खाली बघत म्हणाला. "कुणी दिलंय, इचारलं. वैनींनी म्हणालो, तर हातसुदीक लावला न्हाय."

शांतम्मानं ते गाठोडं घेतलं आणि सरळ दानम्मापुढं जाऊन बसली. त्या दिवसापासून दानम्मा तिच्याशी बोलत नव्हती. "अक्का, माज्यावर राग धरा, पर एक करा. हे तुमी दिलंय असं सांगून जाऊ द्या. पोरानं खाल्लं म्हंजे झालं."

दानम्मानं एकदा तिच्याकडं, एकदा गाठोड्याकडं बघितलं. "पोराच्या पोटासाटी हूं म्हंते," ती म्हणाली. "तुज्यासाटी न्हवं."

आणि गाठोडं पुण्याला पोचलं! "आत्यानं पाठवलंय" म्हटल्याबरोबर रेवणनं ते छातीशी धरून नेलं, असं जोतीरामनं येऊन सांगितलं. शांतम्मा ते ऐकून हसली. मग चुलीत फुंकर घालायला वाकली, ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. धूर लई होता, असं तिनं नंतर सांगितलं.

दसऱ्याला दानम्मा अंघोळीच्या दगडावर पडली. शुद्धीवर आली ती उजवा हात लुळा होऊनच. वाचा शाबूत, पाय कसेबसे चालत, पण हात गेला तो गेलाच. तिची वेणीफणी, न्हाणं, घास भरवणं सारं शांतम्माकडं आलं. पहिल्या दिवशी घास घेताना दानम्मानं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी ती घास तोंडात धरून ढसाढसा रडली. आणि पुढं एका दुपारी सिद्धाप्पानं आपणहोऊन, अडखळत अडखळत, मास्तर आले होते ती सगळी हकीकत बहिणीला सांगितली.

"मेल्या!" दानम्मा कडाडली. "आन् बायकूला पुढं करून तू लायनीवर पळालास व्हय रं! आत्ताच्या आत्ता पोराला कळवते."

"नगं अक्का," शांतम्मानं तिचा डावा हात धरला. "तुमचा हात गेला हे कळलं तर त्यो असंल तसा धावत यील. आत्ता कुटं तितं बसाय लागलाय. परीक्षा होऊ द्या. शप्पत हाय तुमाला माजी."

दिवाळी आली. शांतम्मानं घर सारवलं, करंज्या केल्या, उटणं वाटलं. आता येईल... आता तर यायची बंदी उठली! प्रत्येक गाडीला ती दारात. पण रेवण आला नाही. जोतीरामजवळ निरोप आला, "आत्याला सांगा, अभ्यास आहे." बाकी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. शांतम्मानं करंज्या बांधल्या आणि आत्याच्या नावानं पुण्याला धाडून दिल्या.

हिवाळा गेला, उन्हाळा तापला. दर पंधरवड्याला गाठोडं जात होतं. आणि वैशाखात, भर दुपारी, परीक्षा संपवून रेवण न सांगता घरात शिरला. उंच झाला होता, आवाज फुटला होता. चपला काढता काढताच त्यानं हाक मारली, "आत्याऽ, सगळं वसतिगृह तुला नमस्कार सांगतंय! तुज्या भाकरीवर माझे मित्र जोडले गेले. शनिवारी माझ्या खोलीत बसायला जागा नसती, मास्तरसुद्धा तुकडा मोडून नेतात..."

बोलता बोलता तो थांबला. दानम्मा भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि शांतम्मा तिला भात भरवत होती.

"हाताला काय झालं?"

"गेला," दानम्मा म्हणाली.

"कधी?"

"दसऱ्याला."

रेवण त्या हाताकडं बघत राहिला. "मग भाकरी? परवापरवापर्यंत येत होती ती भाकरी कोण थापत होतं?"

"तुला काय वाटलं," दानम्मा म्हणाली, "मी पायानं थापत हुते?" आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "ती बसलीया न्हवं माज्याफुडं, तिला इचार. पैल्या दिवसापासनं तिनंच केलं रं बाळा! तुला दारातनं परत घालवलं ते बी तुज्यासाटीच. मास्तर आलं हुतं सांगाय. तुज्या बापाला धीर झाला न्हाय, म्हणून हिनं वाईटपणा घेतला... आन् वरीसभर त्यो सोसला."

शांतम्मा ताटली घेऊन उठून आत जाऊ लागली, तर रेवण वाटेत उभा. त्यानं तिच्या हातातली ताटली घेतली, आत्याच्या पुढं बसला आणि उरलेला भात स्वतः भरवू लागला. त्याचे अश्रू टपटप भातात पडत होते. दानम्मा म्हणाली, "अरं, खारट केलास की!" तेव्हा कुठं सगळ्यांना श्वास घेता आला.

अव्वा म्हणून त्यानं हाक मारली ती त्या दिवशी नाही. आठवड्यानंतर, जेवताना, पानावरून मान वर न करता तो म्हणाला, "अव्वा, मीठ दे." आपण काय बोललो ते त्याला कळलंही नसावं. शांतम्मानं मीठ वाढलं, परसात गेली, आणि कृतार्थ होऊन पोटभर रडून आली.

ते दिवस कसे सरले! रेवण पास झाला. चुलीपाशी बसून तो वसतिगृहाच्या गमती सांगे, आणि ती ऐकता ऐकता भाकरी करपवे. ज्येष्ठ लागला, कॉलेज उघडायची वेळ आली, तशी एका सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अप्पा, मी आता जात नाही. आत्याचं हे असं, अव्वा एकटी किती मरमर करणार? इथंच स्टेशनात कामाला लागतो. तुमचं मोठ्या साहेबांशी बोलणं आहेच."

"ऱ्हा रं माज्या राजा," दानम्मा चटकन म्हणाली.

शांतम्मालाही तेच हवं होतं. राहू दे... खरंच राहू दे त्याला! आत्ता आत्ता तर तो आपला झालाय. रोज ही हाक ऐकायला मिळेल, रोज त्याचं ताट वाढता येईल... पण हे घोकत असतानाच तिला दिसत होतं, की पोर शिक्षण सोडून बसतंय आणि घरातलं कुणी त्याला नको म्हणणार नाही. पुन्हा तिलाच म्हणावं लागणार. तिनं पदर खोचला. "रेवण..." तिनं सुरुवात केली.

"शांता, तू गप."

सिद्धाप्पा उठून उभा राहिला होता. चहाचा पेला त्यानं खाली ठेवला. "आता मी सांगतो. मागल्या खेपेला मी पळालो. रेवण, तू जायाचं. आजच्या गाडीनं. अक्काचं आमी दोगं बघू. नोकरीबिकरी काय न्हाय, शिकून ये. आन् राग धरायचा तर माज्यावर धर, हिच्यावर न्हाय!"

एवढं लांब भाषण सिद्धाप्पानं जन्मात केलं नव्हतं. रेवणनं खाली मान घालून "व्हय अप्पा" म्हटलं. शांतम्मा नवऱ्याकडं बघत राहिली. कठोर व्हायचं काम आता तिच्याकडं उरलं नव्हतं. छातीवरून धोंडा उतरावा तसं झालं आणि इतकी वर्षं आत कोंडलेलं सगळं एकदम वर उसळलं.

"आजच्या गाडीनं?" ती ओरडली. "अवो, माणूस हाय का कोण तुमी! पोराचं धोतर वाळलेलं न्हाय, चटणी कुटायची हाय, आन् आजच्या गाडीनं म्हणं! दोन दिस ऱ्हाऊ द्या की त्याला!"

"ऐका, ऐका," दानम्मा हसत म्हणाली, "कोण बोलतंय!"

"न्हाय. फार तर उद्या," सिद्धाप्पा म्हणाला.

"परवा!" शांतम्माच्या गालावरून धारा लागल्या होत्या, नळावरच्या बाया कान देऊन ऐकत होत्या, आणि तिला त्याची मुळीच पर्वा नव्हती. "परवाच्या आत माज्या लेकाला मी सोडायची न्हाय!"

रेवण परवाच्या गाडीनं गेला. तोवर शांतम्मा नवऱ्याशी धड बोलली नाही.